परीक्षेपासून पदवीपर्यंत
पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पुऱ्या करावयाच्या अटी आणि कार्यपद्धती

विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण होणे आणि विद्यापीठाची पदवी प्राप्त होणे या दोन गोष्टी आपल्या बोलण्यात एकच समजल्या जातात. कायद्याच्या व प्रशासनाच्या दृष्टीने मात्र त्या भिन्न आहेत. परीक्षा हा पदवीच्या मार्गावरील एक टप्पा होय. त्याच्या आधी पात्रता, नोंदणी, उपस्थिती, श्रेयांक अशा काही अटी असतात आणि त्याच्या नंतरही अर्ज, तपासणी, पदवीप्रदान अशी काही कामे उरलेली असतात. यांतील एखादी बाब अपुरी राहिली की "एम.ए. झालेला" तरुण मुलाखतीच्या दिवशी पदवी प्रमाणपत्राअभावी परत फिरतो. अशी उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आढळतात. त्यांतील बहुसंख्य मुले घराण्यातील पहिलीच पदवीधर असतात, आणि नियम समजावून सांगणारे जाणते माणूस त्यांच्या घरी नसते. म्हणूनच हा विषय केवळ विद्यापीठांच्या कार्यालयांपुरता नाही. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, तालुका पातळीवरील अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य यांनाही त्याची माहिती असणे उपयुक्त ठरेल.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक ही ती चार नावे. चार पदवीधरांच्या नोंदी ठेवण्यास मोठी यंत्रणा लागत नसे. त्यानंतर नागपूर (१९२३), पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८), कोल्हापूर (१९६२), अमरावती (१९८३), जळगाव (१९९०), नांदेड (१९९४), सोलापूर (२००४) आणि गडचिरोली (२०११) येथे विद्यापीठे उभी राहिली. पदव्युत्तर वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याच्या गावापर्यंत आले. शिक्षण घराजवळ आले, ही फार मोठी गोष्ट घडली. पण पदवी देणारे कार्यालय पूर्वीइतकेच दूर राहिले आणि विद्यार्थ्यांची संख्या लाखांत गेल्यामुळे प्रत्येकाची नोंद नियमांच्या चाळणीतून जाऊ लागली.

पदवी देण्याचा अधिकार कोणाचा?

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ याच्या कलम २२ अन्वये पदवी देण्याचा अधिकार केंद्र वा राज्य कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास अथवा संसदेच्या कायद्याने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेसच आहे. महाविद्यालय शिकविते, पदवी विद्यापीठ देते. स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम ठरवितात, परीक्षा घेतात, निकालही लावतात. तरीसुद्धा त्यांच्या विद्यार्थ्यांची पदवी संलग्न विद्यापीठाच्याच नावाने दिली जाते. हे सांगण्याचे कारण असे की, काही खाजगी संस्था आकर्षक नावे धारण करून "पदव्युत्तर" अभ्यासक्रमांच्या जाहिराती करतात. आयोग बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करीत असतो. प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी ती यादी पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे. दूरस्थ शिक्षणाच्या बाबतीत तर संस्थेस मान्यता आहे एवढेच पाहून भागत नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या विशिष्ट वर्षी चालविण्यास आयोगाने मान्यता दिली आहे काय, हेही पाहावे लागते.

पात्रतेचा प्रश्न शेवटी का उपस्थित होतो?

पदवी अडकण्याची कारणे शोधीत गेल्यास ती बहुधा अखेरच्या सत्रात सापडत नाहीत. ती प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात सापडतात. पदवी परीक्षेच्या अंतिम निकालाची वाट न पाहता पुष्कळ विद्यार्थ्यांना तात्पुरता प्रवेश दिला जातो. अन्य विद्यापीठातून आलेल्या विद्यार्थ्याने स्थलांतर प्रमाणपत्र व मूळ गुणपत्रिका सादर करून पात्रता कायम करून घ्यावयाची असते. वर्ग सुरू होतात, परीक्षा अर्ज भरला जातो, ओळखपत्र मिळते, आणि पात्रतेचा विषय विस्मरणात जातो. दोन वर्षांनी अंतिम निकाल मात्र "पात्रतेअभावी राखून ठेवला" अशा शेऱ्यासह येतो. त्या वेळी जुने विद्यापीठ दुसऱ्या टोकाला, विद्यार्थी नोकरीच्या शोधात तिसऱ्या गावी आणि महाविद्यालयातील संबंधित लिपिकाची बदली झालेली, अशी अवस्था असते. पहिल्या सत्राच्या परीक्षेपूर्वी आपली पात्रता "कायम" झाल्याची खात्री लेखी स्वरूपात करून घेणे, हा या रोगावरील एकमेव उपाय होय.

राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट अधिक गांभीर्याने सांगितली पाहिजे. जातीचे प्रमाणपत्र देणे व त्याची पडताळणी करणे याविषयीच्या महाराष्ट्र अधिनियमातील (सन २००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्र. २३) कलम १० नुसार, खोट्या जात प्रमाणपत्राच्या आधारे प्रवेश घेऊन मिळविलेली पदवीसुद्धा रद्द होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली या कायद्याचा अन्वयार्थ लावताना अशा प्रकरणी सहानुभूतीपोटी लाभ चालू ठेवता येणार नाहीत, अशी कठोर भूमिका घेतली. ज्यांचा दावा खरा आहे त्यांना यात भिण्यासारखे काही नाही; परंतु ज्या अभ्यासक्रमांना वैधता प्रमाणपत्र आवश्यक आहे तेथे पडताळणीचा अर्ज वेळेवर करावा लागतो. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेतील दाखल्यांचे उतारे, गावनमुने, जन्म-मृत्यूच्या नोंदी लागतात. हे पुरावे गावातच असतात. जीर्ण झालेले जुने दाखल-खारीज रजिस्टर नीट जपून ठेवणारा मुख्याध्यापक एखाद्या मुलीच्या पदवीचे रक्षण करीत असतो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती नव्हे.

नावाच्या नोंदीविषयीही येथेच सांगून टाकू. पदवी प्रमाणपत्रावर नाव देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत असते आणि ते आधीच्या परीक्षांच्या नोंदीप्रमाणे छापले जाते. दहावीच्या प्रमाणपत्रात वडिलांचे नाव एका प्रकारे, पदवीत दुसऱ्या प्रकारे आणि आधार कार्डावर तिसऱ्या प्रकारे असल्यास पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासा द्यावा लागतो. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या विद्यार्थिनींनी राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध झाल्यावाचून मध्येच नवे नाव लिहू नये. शिक्षण चालू आहे तोवर एकच नाव कायम ठेवणे सोयीचे असते.

श्रेयांकांची बेरीज

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० च्या अंमलबजावणीत राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांना २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून नवा आराखडा लागू झाला. त्यानुसार दोन वर्षांच्या पदवीसाठी चार सत्रांत मिळून ८८ श्रेयांक, म्हणजे प्रत्येक सत्रास २२, अशी मांडणी आहे. पहिले वर्ष पूर्ण करून ४४ श्रेयांक मिळविणाऱ्यास पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. चार वर्षांची पदवी घेतलेल्यास पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करण्याची सोय आहे. मुख्य विषयाखेरीज संशोधन पद्धती, कार्यानुभव किंवा क्षेत्र प्रकल्प आणि अखेरच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्प यांचे श्रेयांक अनिवार्य आहेत.

श्रेयांक म्हणजे गुण नव्हेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आणि पुष्कळदा पालकांनाही नीट समजत नाही. सामान्यतः अध्यापनाच्या १५ तासांना अथवा प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक श्रेयांक धरला जातो. विषय उत्तीर्ण झाल्यास त्याचे सर्व श्रेयांक मिळतात. अनुत्तीर्ण झाल्यास एकही मिळत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने ८८ पैकी ८४ श्रेयांक उत्कृष्ट श्रेणीत मिळविले आणि चार श्रेयांकांचा क्षेत्र प्रकल्प सादर केला नाही, तर तो "पंचाण्णव टक्के उत्तीर्ण" ठरत नाही. तो पदवीस अपात्र असतो, मग त्याची सरासरी कितीही चांगली असो. जुन्या टक्केवारीच्या पद्धतीत एका विषयातील उणीव एकूण बेरजेत थोडीफार झाकली जात असे. नव्या पद्धतीत ती झाकली जात नाही.

क्षेत्र प्रकल्पाच्या संदर्भात ग्रामपंचायतींचा थेट संबंध येतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी गावातील बचत गटांचा अभ्यास करतो, भूगोलाचा विद्यार्थी पाणलोटाची पाहणी करतो, समाजशास्त्राची विद्यार्थिनी ऊसतोड कुटुंबांच्या मुलांच्या शाळागळतीची माहिती गोळा करते. अशा वेळी काम केल्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीकडून मागितले जाते. त्यावर कामाचा कालावधी, कामाचे स्वरूप, दिनांक, स्वाक्षरी व शिक्का या पाच गोष्टी असाव्यात. "सदर विद्यार्थ्याने आमच्या गावी काम केले असे" एवढ्या मोघम ओळीवर विभागप्रमुख समाधानी होत नाहीत. प्रमाणपत्र देण्यास ग्रामपंचायतीने महिनाभर लावला तर विद्यार्थ्याचे चार श्रेयांक त्या सत्रात लागत नाहीत. उलट बाजूही लक्षात घ्यावी: काम न करता प्रमाणपत्र मागणाऱ्यास ते देणे हा त्याच्यावरील उपकार नव्हे. तोंडी परीक्षेत गावाची लोकसंख्यासुद्धा सांगता न येणारे विद्यार्थी परीक्षकांना नवे नाहीत.

श्रेयांक साठविण्यासाठी आयोगाने २०२१ च्या विनियमांनुसार शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू केली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचे तेथे खाते असते, आणि जमा श्रेयांक साधारणतः सात वर्षांपर्यंत ग्राह्य धरले जातात. ज्या मुलीचे शिक्षण लग्नामुळे वा घरच्या अडचणीमुळे एका वर्षानंतर थांबले, तिला पुन्हा प्रारंभापासून आरंभ करावा लागू नये, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. मात्र खाते उघडून भागत नाही. महाविद्यालयाने श्रेयांक खात्यावर चढविले आहेत की नाहीत, हे प्रत्येक सत्राअखेर विद्यार्थ्याने स्वतः पाहावयास हवे.

अनुशेष विषय किती काळात उत्तीर्ण व्हावेत यासंबंधी प्रत्येक विद्यापीठाचे अध्यादेश आहेत. अभ्यासक्रमाचा विहित काळ अधिक दोन वर्षे आणि अपवादात्मक स्थितीत आणखी एक वर्ष, असे मार्गदर्शन आयोगाने २०१५ साली केले होते. मुदत संपल्यावर अभ्यासक्रम बदललेला असतो आणि जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा बंद होते. "एकच पेपर राहिला आहे, केव्हा तरी देऊ" असे म्हणणाऱ्यांचे सर्व कष्ट त्या एका पेपरापायी वाया जातात.

निकाल, श्रेणी आणि टक्केवारी

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील कलम ८९ प्रमाणे विद्यापीठाने परीक्षेच्या अखेरच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत निकाल जाहीर करण्याचा प्रयत्न करावयाचा असून कोणत्याही परिस्थितीत तो ४५ दिवसांच्या आत लावावयाचा आहे. ही मुदत कागदावर सोपी दिसते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्व परीक्षांना लागू केली, आणि उन्हाळी परीक्षांचे निकाल कित्येक महिने रखडले. पुढील शिक्षणासाठी परगावी वा परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची त्यात किती कुचंबणा झाली, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांच्या स्मरणात असेल. त्याच वर्षी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. तंत्र चांगले असून भागत नाही. ते राबविण्यापूर्वीची तयारी ही निकालाइतकीच महत्त्वाची असते.

निकालाबद्दल शंका असल्यास गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन असे मार्ग आहेत. प्रत्येकाची मुदत निकालाच्या दिनांकापासून मोजली जाते, गुणपत्रिका हाती पडल्यापासून नव्हे. येथे अनेकांची फसगत होते. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी दिलेल्या निर्णयानुसार परीक्षार्थीला माहितीच्या अधिकारात आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते.

गुणपत्रिकेवर आता दहा बिंदूंच्या मापावरील श्रेणी असते. तथापि अध्यापकपदासाठी आवश्यक असलेल्या नेट किंवा सेट परीक्षेस पदव्युत्तर पदवीत खुल्या प्रवर्गासाठी ५५ टक्के गुणांची अट असते, आणि नोकरीचे अर्जही टक्केवारी विचारतात. श्रेणीचे टक्केवारीत रूपांतर करण्याचे सूत्र सर्व विद्यापीठांचे एकसारखे नाही. त्यामुळे दुसऱ्याचे सूत्र वापरून अर्जात टक्केवारी लिहू नये. आपल्या विद्यापीठाचे सूत्र गुणपत्रिकेच्या मागील बाजूस छापलेले असल्यास ते पाहावे, नसल्यास रूपांतराचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

पदवीप्रदान

अंतिम सत्राचा निकाल लागला, सर्व श्रेयांक जमा झाले, ग्रंथालय, प्रयोगशाळा व वसतिगृह यांचे ना-देय प्रमाणपत्र मिळाले. तरी पदवी आपोआप घरी येत नाही. विद्यापीठ पदवीप्रदान समारंभाची अधिसूचना काढते, त्यानुसार ठरलेल्या मुदतीत शुल्कासह अर्ज करावा लागतो. समारंभास स्वतः उपस्थित राहून अथवा अनुपस्थितीत अशी दोन्ही प्रकारे पदवी घेता येते. दोहोंची योग्यता सारखीच. अर्जाची मुदत हुकली तर विलंब शुल्क भरावे लागते किंवा पुढील समारंभाची वाट पाहावी लागते. ही अधिसूचना संकेतस्थळावर प्रसिद्ध होते, महाविद्यालयाच्या फलकावर कधी लागते, कधी लागत नाही. उत्तीर्ण झालेला विद्यार्थी मात्र तोवर महाविद्यालयाच्या आवारात येईनासा झालेला असतो.

या विलंबाला मर्यादा घालण्यासाठी आयोगाच्या २००८ च्या विनियमांत अशी तरतूद करण्यात आली की, विद्यार्थी पदवीस पात्र होणे अपेक्षित असेल त्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत पदवी दिली जावी. मधल्या काळात तात्पुरते प्रमाणपत्र मिळते आणि बहुतेक ठिकाणी ते स्वीकारले जाते; पण ते कायमचे नव्हे. नोकरीवर रुजू होताना "पदवी प्रमाणपत्र सहा महिन्यांत सादर करीन" असे हमीपत्र लिहून देणारे आणि नंतर ते विसरणारे कर्मचारी आस्थापना शाखेतील अधिकाऱ्यांना परिचित असतीलच. डिजिलॉकरमध्ये विद्यापीठाने जारी केलेली पदवी २०१६ च्या नियमांनुसार मूळ प्रमाणपत्राच्या बरोबरीची समजली जाते. ही गोष्ट पडताळणी करणाऱ्या सर्वच कार्यालयांना अद्याप पुरेशी ठाऊक झालेली दिसत नाही. अधिकाऱ्यांनी आपल्या अखत्यारीतील कर्मचाऱ्यांना तशा लेखी सूचना दिल्यास उमेदवारांच्या अनेक फेऱ्या वाचतील.

शुल्काची थकबाकी किंवा शिष्यवृत्तीची न आलेली रक्कम यांच्यापोटी विद्यार्थ्यांची मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याची प्रथा काही संस्थांत आहे. प्रवेशाच्या वेळी पडताळणी झाल्यावर मूळ प्रमाणपत्रे संस्थेने आपल्या ताब्यात ठेवू नयेत, असे आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेद्वारे स्पष्ट केले आहे. शिष्यवृत्ती वेळेवर न येण्यात विद्यार्थ्याचा दोष नसतो. त्याची शिक्षा त्याला का व्हावी, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकास अद्याप मिळालेले नाही.

पीएच.डी.ची वेगळी वाट

पीएच.डी.च्या बाबतीत ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेले आयोगाचे विनियम लागू आहेत. या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद केली. शाळा-महाविद्यालयांतील अनेक शिक्षक या पदवीच्या मार्गावर असल्यामुळे त्यांतील तरतुदी थोड्या विस्ताराने पाहू.

नोंदणीपासून किमान तीन व कमाल सहा वर्षांत प्रबंध सादर झाला पाहिजे. पुनर्नोंदणी करून दोन वर्षांची वाढ मिळू शकते. म्हणजे एकूण आठ वर्षे. स्त्रिया व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना आणखी दोन वर्षे, म्हणजे एकूण दहा वर्षांची मर्यादा आहे. संशोधक विद्यार्थिनींना मातृत्व व बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. विवाह वा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जावे लागल्यास काही अटींवर संशोधनाची सामग्री नव्या संस्थेकडे नेण्याची मुभा आहे. ही तरतूद फार थोड्या विद्यार्थिनींना माहीत असते. सासरी गेल्यामुळे सुटलेली नोंदणी ही सुटलीच, असे समजून त्या स्वस्थ बसतात.

पहिला टप्पा अभ्यासक्रमाचा. त्यास किमान १२ श्रेयांक असून संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा विषय त्यात समाविष्ट आहे. त्यात ५५ टक्के गुण वा समतुल्य श्रेणी मिळाल्याखेरीज प्रबंध सादर करता येत नाही. त्यानंतर प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे निवेदन करावे लागते. प्रगती असमाधानकारक असल्यास समिती कारणे नोंदवून सुधारणा सुचविते, आणि सुधारणा न झाल्यास नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. हे सत्रनिहाय अहवाल औपचारिक समजून टाळणाऱ्यांची प्रकरणे प्रबंध तयार असतानाही विद्यापीठाच्या शाखेत अडून पडतात.

नोकरी सांभाळून पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यास अंशकालीन नोंदणीची सोय आहे. त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात: अंशकालीन अभ्यासास परवानगी आहे, कार्यालयीन कामातून संशोधनास पुरेसा वेळ मिळतो, आणि आवश्यक तर अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी कर्मचाऱ्यास मोकळे केले जाईल. जिल्हा परिषदेच्या वा संस्थेच्या कार्यालयातून केवळ "हरकत नाही" एवढेच लिहून मिळाल्यास ते अपुरे ठरते. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मात्र पीएच.डी. करता येत नाही. तशी जाहिरात दिसल्यास ती फसवी समजावी.

मार्गदर्शकाची निवड हा विषय नियमांइतकाच व्यवहाराचाही आहे. प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार विद्यार्थी घेता येतात. सेवानिवृत्तीस तीन वर्षांपेक्षा कमी अवधी उरलेल्या अध्यापकास नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. विद्यार्थ्याने नोंदणीपूर्वीच मार्गदर्शकाकडील जागा व निवृत्तीचे वर्ष यांची विचारणा करण्यात संकोच मानू नये.

प्रबंध लिहून झाल्यावर सल्लागार समितीसमोर पूर्वसादरीकरण होते. वाङ्मयचौर्याच्या तपासणीचा अहवालही प्रबंधासोबत जोडावा लागतो. या संबंधीचे विनियम २०१८ चे आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास कारवाई नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. अवतरणे योग्य संदर्भासह दिली असतील तर ती या मोजणीत धरली जात नाहीत. खरी अडचण दुसऱ्याच्या प्रबंधातील सर्वेक्षणाची प्रकरणे गावाचे नाव बदलून उतरविण्याच्या सवयीची आहे. हे प्रबंध आता शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात कोणालाही वाचता येतात. त्यामुळे ती सवय फार काळ लपून राहत नाही.

प्रबंधाचे मूल्यमापन मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक करतात. दोघांनी स्वीकृतीची शिफारस केली तरच मौखिक परीक्षा होते. एकाचा अहवाल प्रतिकूल असल्यास प्रबंध पर्यायी परीक्षकाकडे जातो. त्याचेही मत प्रतिकूल पडल्यास प्रबंध अस्वीकृत होतो. मौखिक परीक्षा खुली असते. गावातील विषयावर प्रबंध लिहिणाऱ्या संशोधकाने तेथील शिक्षकांना व कार्यकर्त्यांना या परीक्षेस हजर राहता येईल काय, हे विभागाकडे विचारून पाहावे. सादरीकरणापासून निकालापर्यंतचे सर्व काम सहा महिन्यांत पूर्ण करण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. पूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे होते. २०२२ च्या विनियमांत ती सक्ती राहिलेली नाही, मात्र विद्यापीठे आपल्या नियमांत तशी अट ठेवू शकत असल्याने आपल्या विद्यापीठाचा नियम पाहूनच चालावे. पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या मासिकांचा जो सुळसुळाट झाला होता तो पाहता, सक्ती उठविण्याचा निर्णय समंजसपणाचाच म्हटला पाहिजे.

पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत संस्थेने इन्फ्लिबनेट केंद्राकडे पाठवावयाची असते. पदवी या विनियमांस अनुसरून दिली असल्याचे प्रमाणपत्रही सोबत मागून घ्यावे. अध्यापकपदाच्या निवडीत ते विचारले जाते.

तक्रार कोठे करावी?

वरील मुदती पाळल्या गेल्या नाहीत तर विद्यार्थ्याने काय करावे? बहुतेक विद्यार्थी खिडकीवरील लिपिकाशी वाद घालून परत येतात. त्याने काही निष्पन्न होत नाही. आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावयास हवी. निकालास विलंब, कागदपत्रे अडवून ठेवणे, शिष्यवृत्ती न देणे हे विषय तिच्या कक्षेत येतात. समितीने तक्रार मिळाल्यापासून १५ कामाच्या दिवसांत आपला अहवाल द्यावयाचा आहे. त्या निर्णयाने समाधान न झाल्यास १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते, आणि लोकपालाने ते ३० दिवसांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावयाचा असतो. या पदावर सेवानिवृत्त कुलगुरू, अनुभवी सेवानिवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांची नेमणूक होते.

अर्ज लेखी असावा. त्यात कायम नोंदणी क्रमांक, परीक्षेचे सत्र व वर्ष, आसन क्रमांक, पूर्वी केलेल्या पत्रव्यवहाराचे दिनांक आणि नेमकी मागणी एवढेच असावे. रागाची वाक्ये काढून टाकावीत. पोच घ्यावी. ज्यांना असा अर्ज लिहिणे जमत नाही त्यांना तो लिहून देणे गावातील शिक्षकाला सहज शक्य आहे. ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात संगणक व छपाईची सोय असल्यास पदवीप्रदानाच्या अधिसूचनेची एक प्रत दरवर्षी फलकावर लावता येईल. तिच्यात अर्जाचा शेवटचा दिनांक ठळक अक्षरांत लिहावा, कारण विलंब शुल्काचा आकडा त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होतो.